डॉक्टरांची चिठ्ठी आणि व्यायामाचा डोस: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून नेहमी येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वडगावात वाढले, घरात माग होते. शुगर, बीपी, हार्ट, गुडघे असलेली माणसं डॉक्टरांकडून माझ्याकडे येतात आणि मग मी त्यांना व्यायाम शिकवते, काही अडलं तर परत त्यांच्याच डॉक्टरांना फोन करते. हे सगळे प्रश्न मला ओपीडीत, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत कुठेही विचारले जातात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहिते आहे. आणि एक आधीच सांगते, इथलं वाचून कुणीही स्वतःची गोळी कमी करायची नाही की बंद करायची नाही, ते तुमचे डॉक्टरच करतील.

व्यायामाची चिठ्ठी म्हणजे नक्की काय ओ?

गोळी लिहून देताना डॉक्टर काय लिहितात बघा, कुठली गोळी, किती मिलीग्रॅम, दिवसातनं किती वेळा, जेवणाआधी का नंतर, किती दिवस. व्यायामाचं पण तसंच लिहायचं असतं. कुठला व्यायाम, आठवड्यातनं किती दिवस, किती जोरात आणि किती वेळ, या चार गोष्टी लिहिल्या की ती चिठ्ठी झाली. एका मावशींच्या वहीत मी लिहिलेलं इथं देते: "आठवड्याला ५ दिवस, नाश्ता झाल्यावर, सपाट रस्त्यावर २० मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगानं. मंगळवार-शुक्रवार खुर्चीवरनं उठबस, १० वेळा, थांबून परत १० वेळा. उतारावर आत्ता नको. १५ दिवसांनी दाखवा." एवढंच.

ही काय माझी कल्पना नव्हे. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर ग्रीन प्रिस्क्रिप्शन नावानं अशी चिठ्ठी देतात. अमेरिकेत तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं आणि स्पोर्ट्स मेडिसिनच्या संस्थेनं मिळून २००७ मध्ये 'एक्सरसाइज इज मेडिसिन' सुरू केलं, त्यात सांगणं एवढंच की पेशंटची नाडी-बीपी बघतो तसं आठवड्याला किती हालचाल करतो हे पण प्रत्येक वेळी विचारा, आणि गरज असेल त्याला व्यायामाच्या जाणकाराकडे पाठवा. विचारायचे प्रश्न दोनच, आठवड्यात किती दिवस आणि दिवसाला किती मिनिटं, दोन्हीचा गुणाकार केला की आकडा हातात. एवढं तर आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात केसपेपर काढतानाच होण्यासारखं आहे.

आमचे डॉक्टर सांगतातच की "रोज चाला" म्हणून. मग अजून काय पाहिजे?

यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण हे माझ्या घरात घडलेलं आहे.

माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी अजून शिकत होते आणि परीक्षा म्हणून बाहेरगावी होते. डिस्चार्ज कार्डवर गोळ्यांची आख्खी यादी होती, वेळेसकट, आणि खाली व्यायामाच्या जागी एकच शब्द, वॉकिंग. किती, कुठं, कधीपासून वाढवायचं, काय झालं तर थांबायचं, काहीच नाही. बाबा म्हणजे आयुष्यभर मागावर उभं राहिलेलं माणूस, डॉक्टरांनी चाल म्हणलंय म्हणजे चालायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात भजनातल्या मंडळींबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर निघाले. अर्ध्या चढावर छातीत आवळल्यासारखं झालं, घामाघूम झाले, तिथंच दगडावर बसले. बरोबरच्यांनी धरून खाली आणलं आणि टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. वाचले. पण त्यानंतर काय झालं तर ते चालायलाच घाबरायला लागले, सहा महिने घरातनं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पण जायचे नाहीत, आणि हे जास्त वाईट होतं.

त्या डॉक्टरांनी बाबांचा जीव वाचवला, त्यांच्याबद्दल मला राग नाही. ओपीडीत बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात गोळ्या समजावून सांगायच्या का व्यायाम? म्हणूनच दुसरं माणूस पाहिजे. डॉक्टरांनी हृदय कितपत झेपेल ते सांगायचं, आणि शिकवणाऱ्यानं बाबांना ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवून, किती अंतर गेले, दम किती लागला ते बघून, तिथनं पुढं आठवड्याआठवड्यानं वाढवत न्यायचं. गड पण चढता आला असता, पण तिसऱ्या आठवड्यात नव्हे.

मग कोण काय करणार? डॉक्टर, फिजिओ, जिमवाला, योगाच्या बाई, सगळेच सांगतात.

डॉक्टर आजार ओळखणार, गोळ्या ठरवणार आणि "याला व्यायाम चालेल, पण अमुक सांभाळून" हे सांगणार. दुखणं असेल, ऑपरेशन झालंय, हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलाय, तोल जातोय, तर सुरुवात फिजिओकडे. तब्येत बरी आहे, शुगर-बीपी आटोक्यात आहे, तर चांगला ट्रेनर किंवा योगशिक्षक पुढं नेऊ शकतात. तालमीतल्या वस्तादांना पण मी यातनं वगळत नाही, आपल्या भागातल्या वस्तादांना शरीर कसं हळूहळू तयार करायचं ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त साठीतल्या शुगरच्या माणसाला पोरासारखी जोर-बैठकांची शंभरी सांगायची नाही.

महत्त्वाचं काय, तर या सगळ्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. शुगरमुळं डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेला पेशंट योगाच्या वर्गाला जातो आणि तिथं सगळ्यांबरोबर डोकं खाली करून शीर्षासनाला लागतो, हे डोळ्याच्या डॉक्टरांना माहीत नसतं आणि पडद्याचं त्या बाईंना माहीत नसतं. दोघांचं पण चुकत नाही, पण मधली चिठ्ठी नाही.

आम्ही शेतात राबतोय, मागावर उभे असतोय, आणि वर व्यायाम कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो बरोबर पण आहे. कष्टाचं काम हालचालीत मोजलं जातंच, जागतिक आरोग्य संघटना पण मोजते. लावणीच्या दिवसात चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईला मी "चालायला जा" म्हणून कधीच सांगणार नाही. पण तिला पाठ सरळ करायचे, मागं वाकायचे दोन-तीन प्रकार मी सांगते, दर तासाला बांधावर येऊन करायचे, कारण दिवसभर एकाच बाजूला वाकलंय. आणि लावणी-सुगी संपल्यावर मधले महिने काय चालतंय तेही विचारते.

मागाचं वेगळं आहे. आठ-दहा तास उभं राहणं म्हणजे कष्ट आहेतच, पाय भरून येतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, पण छातीचा ठोका वाढून थोडा वेळ वाढलेला राहायला पाहिजे तो राहत नाही. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांचं तर उलट, मांडी घालून मान खाली घालून दिवसभर एका जागी. हात थांबत नाहीत, बाकी सगळं अंग थांबलेलं.

लंडनमध्ये जेरेमी मॉरिस म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १९५३ मध्ये बसमधल्या लोकांचा अभ्यास छापला. त्या डबलडेकर बस, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली करत तिकिटं फाडणार. तर हार्टचा आजार ड्रायव्हरांत जास्त निघाला. नोकरी एकाच बसमधली, फरक बसण्या-चढण्याचा. म्हणून मी कुणालाही आधी "काम काय करता" विचारते, आणि "कष्टाचं" असं उत्तर आलं तर पुढं विचारते, कसलं कष्टाचं, दाखवा बघू करून.

किती केलं म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं असं: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, शिवाय आठवड्यातनं दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम. ६५ च्या वरच्यांनी तोल सांभाळायचा व्यायाम पण आठवड्याला तीनदा. पूर्वी सलग १० मिनिटं तरी पाहिजेत असं म्हणायचे, आता ती अट काढून टाकली, तुकड्या-तुकड्यानं केलं तरी चालतंय. शून्यावर असलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी १५० सांगत नाही, दिवसाला ५-१० मिनिटं सांगते.

मध्यम जोराचं म्हणजे काय हे कळायला घड्याळ नको. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग आरामात म्हणता आला तर वेग वाढवा, दोन शब्दांना पण दम लागला तर कमी करा. माग चालू असलेल्या घरात ही टेस्ट चालत नाही, त्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथं मी दमाचे मार्क विचारते, १० पैकी किती, ५-६ असेल तर ठीक.

शुगरची गोळी घेऊन पहाटे उपाशी चालायला जाऊ का?

कुठली गोळी त्यावर आहे, आणि हेच तर डॉक्टरांना विचारायचं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर व्यायामानं शुगर एकदम खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी भराभर चालणं धोक्याचं.

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मी स्वतः बघितलंय, साडेसहाची वेळ, एक काका झाडाखाली उभे, शर्ट घामानं भिजलेला आणि थंडी चांगलीच होती, हात थरथरत होते आणि काय विचारलं तर उत्तर भलतंच द्यायला लागले. लोक म्हणत होते बीपी असेल. खिशात गोळीचं पाकीट सापडलं, ग्लिमेपिराइड, घेऊन उपाशी आलेले. माणूस शुद्धीत होता, गिळता येत होतं, म्हणून बाहेरच्या चहाच्या गाड्यावरनं तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, १५ मिनिटांनी काका स्वतःचं नाव-गाव सांगायला लागले. मग बरोबर जाऊन त्यांना काहीतरी खायला लावलं आणि घरी सोडलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

तेव्हा अशी औषधं असतील तर निघण्याआधी शुगर बघा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. ७० च्या खाली म्हणजे कमी झालीच. २५० च्या वर असून अंगात बरं वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टर. जेवणानंतर १०-१५ मिनिटं शतपावली केली तर चढणारी शुगर बरीच आटोक्यात राहते, आणि आपल्याकडं भात जास्त, त्यामुळं हा उपाय मला फार आवडतो. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका, कारण व्यायामाचा शुगरवरचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो.

पाय बधिर असतील तर बूट घालायच्या आधी आत हात घालून बघा, खडा असला तरी कळत नाही. तळव्याला जखम असेल तर चालणं बंद, खुर्चीत बसून हातांचे व्यायाम.

शुगर अजून व्हायची आहे, बॉर्डरवर आहे म्हणालेत. व्यायामानं खरंच थांबते?

बऱ्याच जणांची थांबते किंवा पुढं ढकलली जाते. २००२ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, त्यात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी, या मार्गानं शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. २००६ मध्ये भारतातला अभ्यास आला, त्यात जीवनशैली बदलून साधारण २८ टक्के घट, मेटफॉर्मिनपेक्षा काकणभर जास्तच. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ च्या आकड्यांत देशात १० कोटींच्या वर शुगरवाले आणि साडेतेरा कोटींच्या आसपास बॉर्डरवाले आहेत. म्हणजे आत्ता हात दिला तर वाचणारी माणसं जास्त आहेत. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात लोकांना नुसतं "चाला" म्हणून सोडलं नव्हतं, मागं एक शिकवणारं माणूस होतं, सारखं विचारणारं.

बीपीची गोळी चालू आहे, घड्याळात पल्स वाढतच नाही. व्यायाम लागू पडत नाही का?

पडतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर ती ठोके फार वाढू देत नाही, तिचं कामच ते आहे. त्यामुळं घड्याळातला आकडा गाठायला जाऊन जास्त जोर करू नका, दमाचे मार्क आणि बोलायची टेस्ट वापरा. ट्रेनरला ही गोळी माहीत असली पाहिजे. वजन उचलताना श्वास कोंडून धरू नका, बीपी एकदम वर जातं, उचलताना श्वास सोडा. नियमानं केलं तर वरचं बीपी साधारण ५ ते ८ पॉइंटनं उतरतं, म्हणजे एका गोळीच्या आसपास, पण गोळी बंद करायचा निर्णय तुमचा नव्हे. बसलेल्या जागी १८०/११० च्या पुढं असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, आधी डॉक्टर.

छातीत आवळणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंधारी, कधी नव्हे एवढा दम, यातलं काहीही झालं की तिथंच थांबायचं, "अजून एक फेरी" नाही.

गुडघे झिजलेत म्हणालेत. चाललं तर अजून झिजतील ना?

नाही हो मावशी. ही भीती इतकी खोल बसली आहे की बायका घरातल्या घरात पण भिंत धरून बसून राहतात, मग मांडीचा स्नायू सुकतो, सगळा भार गुडघ्यावर येतो आणि दुखणं वाढतं. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हाच पहिल्या उपचारांतला एक आहे. मी शिकवते ती खुर्चीवरची उठबस अशी: प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, नाहीतर ती मागं सरकते. बसल्यावर गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर वाकळ घडी करून ठेवायची, उंची वाढली की उठणं सोपं जातं. पाय जरा मागं, अंग पुढं, हाताचा आधार न घेता उठायचं, आणि बसताना चार आकडे मोजत हळूहळू बसायचं, धपकन नाही. खरी ताकद त्या हळू बसण्यातनं येते. दोन-तीन आठवड्यांनी वाकळेची एक घडी कमी करायची. माझ्याकडच्या एक आजी तीन महिन्यांत वाकळेशिवाय उठायला लागल्या आणि कपिलेश्वराच्या पायऱ्या कठडा न धरता उतरल्या, हे सांगायला मुद्दाम आल्या होत्या.

थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलंच राहिलं किंवा सूज आली तर डोस जास्त झाला, निम्म्यावर या.

जून ते सप्टेंबर पाऊस थांबतच नाही, तेव्हा काय?

खानापूरकडच्यांना तर हे सांगायला पण नको. घरातला सोपा म्हणजे ओसरी, देवळाचा मंडप, जिना, इथं करा. तांबड्या मातीच्या निसरड्यावर म्हाताऱ्या माणसांनी छत्री सांभाळत चालायला जाऊ नये, पडून मांडीचं हाड मोडण्यापेक्षा घरात केलेलं बरं. ताकदीचे व्यायाम वाढवायला हेच दिवस चांगले.

साडीवर बूट घालून चालायला लाज वाटते. वेळ पण मिळत नाही.

लाज एकटीला वाटते, पाच जणी असल्या की वाटत नाही. भजनी मंडळ, बचत गट, गल्लीतल्या जावा-नणंदा, कुणीही चालेल. एका गल्लीत बायकांनी बचत गटाच्या बैठकीआधी अर्धा तास असं ठरवून टाकलंय, ज्या दिवशी बैठक त्या दिवशी ताकदीचे व्यायाम. घरच्या पुरुषांना माझी कळकळीची विनंती, ती अर्धा तास बाहेर गेली की चुलीवरचं तेवढं तुम्ही बघा.

चिठ्ठी कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये असते, घरात कुणाला वाचता येत नाही.

अगदी खरी अडचण. डॉक्टर चांगले असतात, समजावतात पण, पण पेशंट मान हलवतो आणि बाहेर येऊन विचारतो काय म्हणाले म्हणून. लाजू नका, "मराठीत सांगा" किंवा "चित्र काढून द्या" म्हणा. मी स्वतः काड्यांची माणसं काढून देते, सूर्य म्हणजे सकाळ, ताट म्हणजे जेवणानंतर. फोनवर तुमचाच व्हिडिओ काढून दिला तर सगळ्यात उत्तम. आणि आपल्या भागात पेशंट फिरतात, चंदगडची माणसं बेळगावला येतात, आपल्याकडची मिरज-कोल्हापूरला जातात, त्यामुळं व्यायामाची चिठ्ठी फाईलमध्येच लावा, गोळ्यांच्या कागदाच्या मागं.

जिममध्ये नाव घालू का? ट्रेनर चांगला कसा ओळखायचा?

पैसे घ्यायच्या आधी तो तुम्हाला काय विचारतो बघा. छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हाडाचं-सांध्याचं काही आहे का, हे न विचारता सरळ वजनं हातात दिली तर परत या. "गोळ्या बंद करा, मी बघतो" म्हणणाऱ्याकडे अजिबात नको. आणि पोरांना इंजेक्शन-पावडर देऊन दोन महिन्यांत शरीर करून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच ठेवा.

खर्च किती येतो?

चालायला खर्च नाही. फिजिओकडे रोज यायची पण गरज नसते, बहुतेकांना दोन-तीनदा शिकवून घरी करायला सांगते आणि मग महिन्यानं बघते. ज्यांना तेही जड आहे त्यांनी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीचा विभाग विचारा.

फायदा कधी दिसणार?

झोप आणि मूड लवकर सुधारतो, ताकद दीड-दोन महिन्यांत कळते, तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) तीन महिन्यांनीच बघायची. वजन कदाचित फार हलणार नाही, म्हणून सोडून देऊ नका, वजन न हलता पण शुगर-बीपी सुधारतं.

पहिल्या दिवशी येताना काय आणू?

सगळी फाईल, गोळ्यांची पाकिटं जशी आहेत तशी, आणि रोज घालता तेच चप्पल-बूट, नवीन नको, मला झिजलेला तळ बघायचा असतो. सकाळी काहीतरी खाऊन या. आणि घरातलं एक माणूस बरोबर आणा. माझ्या बाबांबरोबर आता रोज संध्याकाळी आई चालते, बाबा बोलायचे थांबले की तीच म्हणते, जरा हळू.